गाणं चालू असताना लिनक्स मशीन हँग होतं: दोष साउंडचा की आणखी कशाचा?

मिरजेत पहाटेच्या रियाझाला तानपुऱ्याची फाइल लूपवर लावलेली, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या दुकानात दिवसभर भजनं चालू, नाहीतर एखाद्या मंगल कार्यालयात सनईची प्लेलिस्ट. मशीन बहुतेक वेळा कुठल्यातरी ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप, वर मिंट किंवा उबुंटू. तक्रार एकच: बाकी सगळं नीट चालतं, पण गाणं लावून ठेवलं की मशीन अधूनमधून गोठतं आणि पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका होत नाही.

यावर सर्रास मिळणारे सल्ले दोन. ‘पल्सऑडिओ (प्रोग्रॅमचे आवाज मिसळून कार्डाकडे पाठवणारा साउंड सर्व्हर) काढून टाका’ आणि ‘सगळं नव्याने टाका’. सुरुवातीलाच यातलं काहीही करू नका. नव्याने टाकलं की जुने लॉग (मशीनने लिहून ठेवलेल्या नोंदी) जातात, आणि दोष हार्डवेअरचा असेल तर चार दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं. शिवाय गाणं चालू असताना मशीन अडकलं म्हणजे गाण्यामुळेच अडकलं असं होत नाही. पुष्कळदा गाण्यामुळे ते अडकल्याचं फक्त कानाला कळतं. म्हणून आधी काय जिवंत आहे आणि काय मेलंय ते बघायचं, मग एकेक कडी सुटी करत जायचं.

खालच्या कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजीत टाइप करायची, वेगळं सांगितलेलं नसेल तर सगळी अक्षरं लहान.

पॉवर बटणाला हात लावण्याआधी

घड्याळ लावून पुरती अडीच मिनिटं थांबा. हे कंटाळवाणं वाटतं, पण कारण पक्कं आहे. प्रोसेसरचा एखादा कोर अडकून पडला तर कर्नल (लिनक्सचा गाभा) साधारण २० सेकंदांनी ‘सॉफ्ट लॉकअप’ची नोंद करतो, आणि एखादी प्रोसेस डिस्कची किंवा ड्रायव्हरची वाट बघत लटकली तर १२० सेकंदांनी ‘हंग टास्क’ची. लगेच बटण दाबणारा माणूस हाताशी आलेला पुरावा स्वतःच पुसतो.

थांबलात की कान द्या. आवाजाचा एखादा बारीक तुकडा टर्रर्र करत पुन्हा पुन्हा वाजतोय का? साउंड कार्ड मेमरीतल्या एका गोल बफरमधून डेटा स्वतःच उचलत असतं, त्यासाठी प्रोसेसरला दर वेळी विचारत नाही. प्रोसेसरने त्या बफरमध्ये नवा माल भरायचा असतो. तो थांबला की कार्ड तोच शिळा तुकडा फिरवत राहतं. म्हणजे टर्रर्र ऐकू आलं तर कार्ड चालू आहे आणि अडकलाय तो प्रोसेसर किंवा कर्नल. ‘साउंड कार्ड गेलं’ म्हणून नवं कार्ड आणणारे नेमके इथेच फसतात.

गाणं व्यवस्थित पुढे चाललंय आणि फक्त पडदा गोठलाय, तर दोष ग्राफिक्सकडे किंवा डेस्कटॉपकडे. आवाज थांबला पण माउसचा बाण हलतोय, तर साउंड सर्व्हर, प्लेअर किंवा डिस्क. सगळं एकदम काळं होऊन मशीन आपणहून रिस्टार्ट झालं, तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय), वीज किंवा उष्णता. तिथे सॉफ्टवेअर उकरत बसू नका.

मग कॅप्स लॉक दाबून दिवा बदलतो का बघा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळा लॉगिन पडदा येतो का बघा. सगळ्यात भरवशाची परीक्षा दुसऱ्या यंत्रावरून. त्यासाठी ओपनएसएसएच-सर्व्हर आधीच टाकून ठेवा, मशीनचा आयपी लिहून ठेवा, आणि हँग झालं की मोबाइलवरच्या टर्मक्स या टर्मिनल ॲपमधून एसएसएच करा, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करा. आत शिरता आलं तर मशीन जिवंत आहे.

यात एक फसवा प्रकार आहे. कीबोर्ड, माउस आणि यूएसबी साउंड कार्ड तिन्ही एकाच यूएसबी कंट्रोलरवर असतात. तो कंट्रोलर पडला की दिवा लागत नाही, बाण हलत नाही, आवाज थांबतो, आणि बघणाऱ्याला वाटतं मशीन मेलं. पण एसएसएच लागतं, पडद्यावरचं घड्याळही पुढे सरकत असतं. लॉगमध्ये तेव्हा ‘एक्सएचसीआय होस्ट कंट्रोलर नॉट रिस्पाँडिंग, अझ्यूम डेड’ किंवा ‘एचसी डाइड’ अशी ओळ सापडते.

बंद करायचंच झालं तरी बटणाऐवजी ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून (प्रिंट स्क्रीनचीच की, काही लॅपटॉपवर एफएन सोबत लागते) एस, यू, बी ही अक्षरं दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबा. एस डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकतो, यू डिस्क फक्त-वाचनावर नेतो, बी रिस्टार्ट करतो. उबुंटूमध्ये कर्नल.सिसआरक्यूची किंमत १७६ असते. तिच्यात ही तीनच कामं चालतात, म्हणून इंटरनेटवर सांगितलेला सहा अक्षरांचा मंत्र तिथे अर्धाच लागू पडतो. एस दाबल्याने शेवटच्या ओळी लॉगमध्ये पोचायची शक्यता बरीच वाढते. या तिन्हींनाही मशीन दाद देत नसेल तर ते खरंच पार गोठलंय, आणि संशय प्रोसेसर, रॅम, बायॉस किंवा विजेकडे जातो.

लॉगमध्ये काय शोधायचं

मशीन पुन्हा चालू झालं की मागच्या बूटचा कर्नल लॉग बघा:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१

मागचा बूट सापडत नाही असं आलं तर लॉग फक्त रॅममध्ये राहतोय. /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर रूट (मशीनचा प्रशासक) होऊन तयार करा आणि एकदा रिस्टार्ट करा. पुढच्या हँगपासून नोंद टिकेल.

शेवटच्या ५० ओळी वाचा, बाकीच्या सोडून द्या. ‘एझेडएक्स_गेट_रिस्पॉन्स टाइमआउट’ दिसलं तर साउंड कोडेक (कार्डावरची आवाजाची चिप) उत्तर देईनासं झालंय. हा खरा साउंडचा दोष. ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ आणि त्याखाली ‘डिसेबलिंग आयआरक्यू’ असेल तर एका इंटरप्ट लाइनवर (उपकरणं प्रोसेसरला हाक मारतात ती वाट) दोन-तीन उपकरणं बसली आहेत, आणि कर्नलने वैतागून ती लाइनच तोडली आहे. ‘एटीए१.००: एक्सेप्शन’ किंवा ‘आय/ओ एरर’ म्हणजे डिस्क. ‘जीपीयू हँग’ किंवा ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ म्हणजे ग्राफिक्स. ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणजे रॅम संपली. ‘ओव्हर-करंट कंडिशन’ म्हणजे यूएसबी पोर्टमधून कोणीतरी झेपेल त्यापेक्षा जास्त वीज ओढतंय. पोर्टवरच चालणारे स्पीकर बहुधा, कारण यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलीअँपिअरच्या वर अपेक्षा ठेवायची नसते.

आणि काहीच नसेल, ओळी गाण्याच्या मध्येच सरळ तुटल्या असतील, तर तीही माहितीच आहे. कर्नलला एक शब्द लिहायलाही वेळ मिळाला नाही. अशा वेळी पुढच्या तीन चाचण्या.

साखळी सुटी करणं

गाणं वाजतं तेव्हा डिस्कवरून फाइल वाचली जाते, प्लेअर ती उलगडतो, साउंड सर्व्हर मिसळतो, ड्रायव्हर कार्डला देतो. एकेक तुकडा वगळून प्रत्येक चाचणी, एरवी हँग व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट तरी चालू द्या. हे महत्त्वाचं आहे. रोज संध्याकाळी हँग होणाऱ्या मशीनला दहा मिनिटांची चाचणी देऊन ‘पास’ म्हणण्यात अर्थ नाही.

पहिली चाचणी, कार्डाशिवाय गाणं:

एमपीव्ही --एओ=नल --नो-व्हिडिओ --लूप फाइलचं-नाव

यात फाइल वाचली जाते, उलगडली जाते, वेळेनुसार पुढे सरकते, पण कार्डाला हात लागत नाही. तरीही मशीन गोठलं तर साउंडला निर्दोष सोडून द्या.

दुसरी, गाण्याशिवाय कार्ड:

एप्ले -डी प्लगएचडब्ल्यू:०,० -एफ सीडी /डेव्ह/झीरो

इथे पहिलं डी अक्षर मोठ्या लिपीत, एफ लहान. कार्डाचा नंबर एप्लेला लहान एल अक्षराचा पर्याय देऊन बघून घ्या. एचडीएमआयचं कार्ड शून्य नंबरवर आणि स्पीकरचं एकवर असं बऱ्याचदा असतं. ही कमांड कार्डावर नुसती शांतता वाजवत राहते: डिस्क नाही, प्लेअर नाही, साउंड सर्व्हरही नाही. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ आलं तर ब्राउझर आणि प्लेअर बंद करून पाच-दहा सेकंदांनी पुन्हा चालवा. यात हँग झालं तर ड्रायव्हर, इंटरप्ट किंवा वीजबचत.

तिसरी, डेस्कटॉपशिवाय गाणं. एफ३ च्या काळ्या पडद्यावर लॉगिन करून ‘सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट मल्टी-युजर.टार्गेट’ द्या आणि एखादी डब्ल्यूएव्ही फाइल एप्लेने वाजवा. डेस्कटॉपवर गोठणारं मशीन इथे तासन्तास चाललं तर ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा साउंड सर्व्हर पकडा. ब्राउझरमध्ये गाणी ऐकणाऱ्यांच्या बाबतीत निकाल बहुधा असाच लागतो. तिथे ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. जुन्या एनव्हिडिया कार्डावर नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर चालू असेल तर एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर टाकून बघा.

हलक्या कामात गोठणारा प्रोसेसर

मशीनवर व्हिडिओ कन्व्हर्ट करा, दोन तास पूर्ण ताण द्या, काही होत नाही. पण तानपुरा लावून पडदा बंद केला की तासाभरात टर्रर्र. हे उलटं वाटतं खरं, पण पार गोठणाऱ्या मशीनमध्ये सर्वात आधी इथेच संशय घ्यावा.

काम नसलं की प्रोसेसर झोपतो, आणि त्या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. नंबर जितका मोठा तितकी झोप गाढ. गाणं वाजवणं म्हणजे क्षणभर उठणं, बफर भरणं आणि पुन्हा झोपणं. पाइपवायर या नव्या साउंड सर्व्हरची नेहमीची मात्रा (एका खेपेला भरायचा माल) ४८,००० हर्ट्झला १,०२४ नमुन्यांची, म्हणजे दर २१ मिलीसेकंदांनी उठबस, सेकंदाला सुमारे ४७ वेळा. पूर्ण ताणात प्रोसेसर झोपतच नाही, म्हणून तिथे दोष दिसत नाही. झोप आणि जाग यांच्या उंबरठ्यावर ज्या चिपमध्ये खोट आहे, ती गाण्यातच उघडी पडते.

इंटेलच्या बे ट्रेल पिढीत (सेलेरॉन जे१९००, एन२८४०, पेंटियम एन३५४० आणि त्यांचे भाऊबंद) हा दोष लिनक्सवर वर्षानुवर्षं गाजला. २०१७ च्या पहिल्या पिढीच्या रायझनमध्येही मोकळ्या बसलेल्या मशीनचं गोठणं प्रसिद्ध आहे.

तपासायचं असं. मशीन सुरू होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून हे लिहा आणि एफ१० दाबा:

इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१

हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो, त्यामुळे बिनधास्त करा. गोठणं थांबलं तर /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे तेच लिहून सुडो अपडेट-ग्रब चालवा. या जोडनावांमधली आडवी रेघ अंडरस्कोअरची आहे. नावाचं स्पेलिंग चुकलं की कर्नल मुकाट्याने दुर्लक्ष करतो आणि आपण ‘उपाय चालला नाही’ म्हणून मोकळे. लागू झालं का ते /प्रॉक/सीएमडीलाइन ही फाइल उघडून खात्री करा. याची किंमतही आहे: प्रोसेसर थोडा गरम राहतो, लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते. दुकानातल्या डेस्कटॉपला चालून जातं. रायझनवर मात्र आधी बायॉस अपडेट करा आणि त्यात ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असेल तर ‘टिपिकल करंट आयडल’ निवडा.

कार्डाची वीजबचत

काही मशीनमध्ये गोठणं गाण्याच्या मध्ये होत नाही. गाणं सुरू करताना, पॉज सोडताना किंवा दोन गाण्यांमधल्या शांततेनंतर होतं. आधी स्पीकरमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो. ही खूण असेल तर कोडेक झोपेतून उठताना अडखळतंय.

/सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह या फाइलमध्ये काय आहे ते बघा. ० म्हणजे बचत बंद, दुसरा आकडा म्हणजे तितके सेकंद शांतता झाली की कार्ड झोपतं. रूट होऊन तिथे ० लिहा आणि दिवसभर वापरा. फरक पडला तर /इटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये .कॉन्फ शेपटीची फाइल करून त्यात एक ओळ टाका:

ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=० पॉवर_सेव्ह_कंट्रोलर=एन

इथलं एन मोठ्या लिपीत. मग सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू आणि रिस्टार्ट. टीएलपी हे वीजबचतीचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर ते ही किंमत पुन्हा बदलून ठेवतं, म्हणून त्याच्या कॉन्फिगमध्ये साउंड_पॉवर_सेव्ह_ऑन_एसी आणि साउंड_पॉवर_सेव्ह_ऑन_बॅट (दोन्ही नावं मोठ्या लिपीत) ० करा.

‘नोबडी केअर्ड’ची ओळ मिळालेल्यांनी /प्रॉक/इंटरप्ट्स उघडून त्या नंबरवर कोणकोण बसलंय ते बघावं. साउंड कार्ड वेगळ्या पीसीआय स्लॉटमधलं असेल तर स्लॉट बदलणं हा खरा उपाय. ग्रबच्या ओळीत ‘आयआरक्यूपोल’ लिहूनही काम भागतं, पण मशीन मंदावतं. तो शेवटचा पर्याय ठेवा.

यूएसबी कार्ड मधूनच सुटत असेल तर आधी पुढच्या पोर्टातून काढून मागच्या पोर्टात लावा, मध्ये हब असेल तर तो काढा, दुसरी केबल लावा. त्यानंतर यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१ हे ग्रबच्या ओळीत. क्रम हाच ठेवा, कारण पुढच्या पोर्टाची आतली वायर जुन्या कॅबिनेटमध्ये अनेकदा सैल असते.

आवाज थांबतो, मशीन परत येतं

तीस-चाळीस सेकंद सगळं ठप्प, डिस्कचा दिवा सतत पेटलेला, मग आपोआप सुरळीत: ही डिस्क. कर्नल एका मागणीसाठी ३० सेकंद थांबतो, मग पुन्हा प्रयत्न करतो. ठरावीक गाण्यालाच होत असेल तर शंकाच नको, ती फाइल खराब सेक्टरवर आहे. स्मार्टमाँटूल्स टाकून डिस्कचा अहवाल काढा. नंबर ५ आणि १९७ च्या ओळीत शेवटचा कच्चा आकडा शून्याच्या वर आणि वाढता असेल तर आजच बॅकअप घ्या. नुसता १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदला.

मशीन चिखलात रुतल्यासारखं मंद होत होत थांबत असेल तर ४ जीबी रॅममध्ये ब्राउझरच्या वीस टॅब उघड्या आहेत. ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून एसआय आणि एसओ रकाने बघा. ते सतत हलते असतील तर रॅम वाढवा.

फक्त आवाज अडकला असेल आणि बाकी सगळं चालू असेल, तर रिस्टार्टची गरजच नाही:

सिस्टमसीटीएल --युजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स

मिंट २२ आणि उबुंटू २४.०४ वर पाइपवायर आहे. मिंट २१ वर पल्सऑडिओ, तिथे ‘पल्सऑडिओ -के’. पाइपवायर असेल तर पीडब्ल्यू-टॉप चालवून ईआरआर रकाना बघा. गाणं तुटताना तो आकडा चढत असेल तर बफर वेळेत भरत नाहीये. तेव्हा मात्रा तात्पुरती दुप्पट करा:

पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८

शेवटी ० दिलं की पूर्ववत. गाणं ऐकायला ४३ मिलीसेकंदांचा उशीर कोणाला जाणवत नाही. गाऊन रेकॉर्ड करणाऱ्याला मात्र जाणवतो, त्याने ही युक्ती करू नये. रेकॉर्डिंगवाल्यांनी आणखी एक बघावं: /प्रॉक/सिस/कर्नल/शेड_आरटी_रनटाइम_यूएस मध्ये ९५०००० असायला हवं. काही मार्गदर्शकांत तिथे -१ टाकायला सांगतात. त्याने रिअलटाइम प्रोसेसला पूर्ण कोर गिळायची मुभा मिळते, आणि एखादं प्लगइन बिघडलं की मशीन हुबेहूब हार्डवेअर मेल्यासारखं गोठतं.

धूळ, वीज, रॅम

यार्डात हळदीची पूड, कारखान्याजवळच्या गावात गळीत हंगामात चिमणीची काळी राख. पावसाळ्याच्या दमट हवेत दोन्ही हीटसिंकच्या पात्यांमध्ये थर धरतात. एलएम-सेन्सर्स टाकून सेन्सर्स चालवा, तापमान ‘क्रिट’ लिहिलेल्या आकड्याच्या जवळ जातंय का बघा. ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग जातं. कॅबिनेट उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत का तेही बघा.

हँग होण्याची वेळ पंप सुरू होण्याशी किंवा लाइट जाण्याशी जुळत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना बघा. ॲम्प्लिफायर आणि मशीन एकाच एक्स्टेंशनवर नकोत.

रॅमसाठी मेमटेस्ट८६+ रात्रभर. ६ पासूनच्या आवृत्त्या नव्या यूईएफआय मशीनवरही चालतात. एकही चूक निघाली तर रॅम नापास. आधी काठी काढून सोनेरी कडा खोडरबरने पुसून पुन्हा लावा, मग पुन्हा चाचणी, मगच नवी घ्या.

एका वेळी एकच बदल करा आणि तारखेसह कागदावर लिहा, तो कागद कॅबिनेटला चिकटवा. इतकं करूनही दोष साउंड ड्रायव्हरमध्येच येऊन थांबला, तर ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल चालवून बघा. जुन्यावर ठीक आणि नव्यावर हँग असेल तर बग नोंदवा. सोबत ‘यूनेम -आर’चं उत्तर, बायॉसची आवृत्ती, लॉगच्या शेवटच्या ओळी, आणि ‘अल्सा-इन्फो --नो-अपलोड’ने तयार झालेली फाइल. नुसतं ‘साउंड हँग होतोय’ लिहिलेल्या तक्रारीकडे कोणी बघत नाही.